चार मार्चचे गुरुजी आणि तिसरी पाळी

पत्र

नमस्कार सर,

वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. कायम कामगार पावणेचारशे, ठेकेदाराची माणसं आणि ट्रेनी धरून अकराशेच्या वर. दिवाळीनंतर नवीन मॉडेलची ऑर्डर आली, तेव्हापासून प्लांटमध्ये जो तो वैतागलेला आहे. डिसेंबरात फायनल इन्स्पेक्शनची एक मुलगी बाथरूममध्ये रडत बसलेली सापडली, तासभर बाहेर यायला तयार नव्हती. नऊ वर्षं जुना सीएनसी ऑपरेटर दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा देऊन गेला. जानेवारीत तिसऱ्या पाळीत एका पोराने प्रेसचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून असलेलं संरक्षण) बायपास केला, हात थोडक्यात वाचला.

प्लांट हेड म्हणतात, "चार मार्चला सेफ्टी डे आहेच. कुणी गुरुजी बोलावून तासभर तणावमुक्तीचं सेशन ठेवा, फोटो काढा, कस्टमर ऑडिटला दाखवता येतील." एचआरचं म्हणणं, "लोकांच्या घरचे प्रॉब्लेम आहेत, कंपनी काय करणार?" तणाव हा सेफ्टीचा विषय आहे का? असेल तर मी नेमकं करू काय? माझीच झोप उडाली आहे. ग्रुपवर रात्री पावणेबाराला "अपडेट?" असा मेसेज येतो, उत्तर दिलं नाही तर सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकावं लागतं. बायको म्हणते, तुम्ही घरी येत नाही, नुसतं अंग घरी येतं.

– नाव छापू नये, वाळूज

उत्तर

वहिनींचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण तुम्ही ते पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय आणि तुमच्या मनात त्याचा नंबर शेवटचा आहे हे मला दिसतंय.

आधी तुमचा सरळ प्रश्न. हो, हा सेफ्टीचा विषय आहे. एचआरने कितीही टोलवला तरी तुमचाच आहे. तुम्ही लिहिलेल्या तीन घटनांपैकी तिसरी तर तुमच्याच रजिस्टरात 'निअर मिस', म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, म्हणून आलेली असणार. ती पहिल्या दोनांबरोबर एकाच पत्रात तुम्हाला लिहावीशी वाटली, म्हणजे मनातून उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

आता गुरुजींचं. येऊ द्या त्यांना, मी आडवा येणार नाही. प्राणायामाने कुणाचं वाईट झालेलं ऐकलं नाही. पण सेफ्टीवाल्याच्या भाषेत सांगायचं तर ते इअरप्लग आहेत. कंप्रेसर रूममध्ये मीटर नव्वद डेसिबलच्या वर गेला तर तुम्ही पहिल्यांदा काय बघता? कंप्रेसर बाहेर हलवता येईल का, त्याला पेटी बांधता येईल का, माणसाची तिथली वेळ कमी करता येईल का. यातलं काहीच जमलं नाही किंवा कमी पडलं, की मग कानात बोळे. पीपीई, म्हणजे अंगावर घालायची संरक्षक साधनं, शेवटी, हे तुम्ही दर इंडक्शनला नव्या पोरांना घोकून घेत असाल. मग तणावाच्या बाबतीत सगळी उतरंड उलटी का? इथे मशीन जसंच्या तसं चालू आणि माणसाला सांगायचं, श्वास सोड.

तुमचं मशीन कुठे वाजतंय ते बघू. त्या इन्स्पेक्शनच्या मुलीपासून सुरुवात करा. तिच्याशी बोलायच्या आधी एक काम करा: तिच्या टेबलाशेजारी स्टूल घेऊन दोन तास बसा. घड्याळ लावून मोजू नका, नुसतं बघा. मी तुमची कंपनी पाहिलेली नाही, पण अशी टेबलं पुष्कळ पाहिली आहेत. कन्व्हेअरवरून पीस येतोय, हातात माप तपासायचं गेज, उजवीकडे हिरवा ट्रे, डावीकडे लाल बिन. एक पीस गेजमध्ये अडकतो. ती लाल बिनकडे हात नेते, तेवढ्यात प्रॉडक्शनचा सुपरवायझर मागून म्हणतो, "अगं चालतंय, बॉर्डरवर आहे, जाऊ दे." पंधरा मिनिटांनी क्वालिटीचे साहेब फोनवर: "कस्टमरकडे एक पीस जरी गेला तर सही तुझी आहे." लाल बिन भरली की शिव्या, रिकामी राहिली की संशय. आणि सलग दहा पीस खराब आले तरी लाइन थांबवायचा अधिकार तिला नाही. तो सुपरवायझरला आहे, त्याला विचारायला जावं तर टेबलावर पीस साचतात.

आता सांगा, ही मुलगी नाजूक आहे म्हणून रडली का?

१९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकी संशोधकाने हेच मांडलं होतं. नुसत्या जास्त कामाने माणूस मोडतो असं नाही. काम जास्त आणि त्यावर आपला हात काहीच चालत नाही, अशी जोडी जमली की तो मोडतो. ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांवरचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. साहेब लोक कामाच्या ओझ्याने हार्ट अटॅकने जातात असा तेव्हाचा समज होता. निघालं भलतंच. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई-द्वारपाल वर्गातल्या माणसांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांच्या तिपटीच्या आसपास होतं. सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळं हिशेबात धरूनही तो फरक पुरता सुटत नव्हता. पुढे १९८५ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात कामावर आपलं नियंत्रण नसणं आणि हृदयविकार यांचा संबंध दिसून आला. तुमच्या प्लांट हेडना 'साहेबांपेक्षा शिपायाला तणाव जास्त' हे रुचणार नाही, म्हणून मीटिंगमध्ये हे उदाहरण काढू नका. तुमच्या स्वतःच्या डोक्यात मात्र ठेवा.

आता त्या गार्ड बायपास करणाऱ्या पोराबद्दल, आणि इथे मला माझंच एक जुनं पाप सांगायचंय. नव्वदच्या दशकात मी एका कारखान्यात होतो, नाव सांगत नाही. प्रेसवर एका कामगाराची दोन बोटं गेली. चौकशी अहवाल मी लिहिला, कारणाच्या रकान्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे दोन शब्द, आणि खाली माझी सही. दीड महिन्याने पगारपत्रकाचं काहीतरी बघताना लक्षात आलं की त्या आठवड्यातली ती त्याची तिसरी डबल ड्युटी होती. सोळा तास, मध्ये आठ तास, पुन्हा सोळा. त्याच्या बदलीचा माणूस आला नव्हता आणि सुपरवायझरने "एवढं निभाव" म्हणून थांबवून घेतलं होतं. हे त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अहवाल कधी बदलला गेला नाही.

म्हणून त्या पोराचं बायोमेट्रिक काढा. त्या रात्रीचं एकट्याचं नको, आधीच्या पंधरा दिवसांचं. ठेकेदाराचा माणूस असेल तर तुमच्या सिस्टिममधली हजेरी आणि ठेकेदाराच्या वहीतली हजेरी दोन्ही मागा, त्या जुळतातच असं नाही. आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा १९४८च्या कारखाने कायद्यापासून चालत आलेली आहे, ओव्हरटाइम दुप्पट दराने ही अटही तेव्हापासूनची. कागदावर ती सगळीकडेच पाळली जाते.

आणि एका रात्री स्वतः जा. दहा वाजता राउंड मारून फोटो टाकतात तसं नको, तीनला जा. तीन ते पाच या वेळात शरीर झोपच मागतं, मग माणूस कितीही जिम्मेदार असो. कॅन्टीनचा चहा त्या वेळी गरम असतो का बघा. पंखा कुणाच्या अंगावर आहे बघा. टार्गेट दिवसाइतकंच आहे का आणि मेंटेनन्सचा माणूस हजर आहे का ते विचारा. बरेचदा तिसऱ्या पाळीचं टार्गेट दिवसाइतकं असतं, पण मेंटेनन्सला एकच जण, तोही दोन शेडमध्ये मिळून. सेन्सर नखरे करायला लागला की पोराकडे दोनच रस्ते उरतात: तासभर लाइन बंद ठेवून सकाळी शिव्या खाणं, नाहीतर गार्ड बायपास करणं.

लोकांना "तुम्हाला तणाव आहे का?" असं विचारू नका. कुणी हो म्हणणार नाही, ठेकेदाराचा माणूस तर मुळीच नाही, त्याला उद्याचा गेट पास हवा असतो. विचारा, "गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी काम हाताबाहेर गेलं? तेव्हा काय चाललं होतं? कुणाला हाक मारली? तो आला का?" या प्रश्नांना लोक भडाभडा बोलतात, कारण यात ते कमजोर ठरत नाहीत. पाच-सहा जणांच्या घोळक्यात, सुपरवायझर नसताना, चहाच्या वेळी. बायकांशी बोलायला एखादी बाई असू द्या. फॉर्म भरून घेणार असाल तर त्यावर नाव नको, टोकन नंबर नको, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या सेक्शनचा वेगळा आकडा काढू नका. चार जणांच्या सेक्शनमध्ये कुणी काय लिहिलं ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं.

हे सगळं जमलं की हिराच्या, म्हणजे धोके ओळखून जोखीम ठरवायच्या, तक्त्यात उतरवा. तुम्ही प्रेसचा, फोर्कलिफ्टचा, थिनरचा धोका जसा लिहिता तसाच. धोका: 'रिजेक्शनची जबाबदारी इन्स्पेक्टरवर, लाइन थांबवण्याचा अधिकार नाही, दोन साहेबांचे उलटसुलट हुकूम.' कुणाला: 'फायनल इन्स्पेक्शन, तिन्ही पाळ्या.' उपाय: 'सलग पाच पीस खराब आल्यास इन्स्पेक्टरने लाइन थांबवायची, कुणाला विचारायचं नाही, बॉर्डरच्या पीसचा निर्णय फक्त क्वालिटीचा, प्रॉडक्शनने टेबलाशी यायचं नाही.' पाच की आठ हा आकडा तुमच्याकडच्या माणसांनी ठरवावा. दुसरी ओळ: 'डबल ड्युटी प्लांट हेडच्या लेखी सहीशिवाय नाही, दोन पाळ्यांत किमान अकरा तास.' हे अकरा तास मी हवेतून आणलेले नाहीत, युरोपात २००३च्या निर्देशानुसार कामगाराला दिवसाला तेवढी सलग विश्रांती द्यावीच लागते. आणि सही मागायची ही युक्ती जुनी आहे. जे काम तोंडी सांगून रोज होतं, ते सहीखाली आलं की महिन्यात निम्म्यावर येतं.

पाळ्या फिरवायची दिशाही तपासा. फर्स्टवरून सेकंड, सेकंडवरून थर्ड अशी पुढे सरकणारी पाळी शरीराला झेपते. काही ठिकाणी थर्डवरून सेकंडला, सेकंडवरून फर्स्टला आणतात, झोपेचा पार खेळखंडोबा. हा बदल करायला एक रुपया लागत नाही.

प्लांट हेडशी बोलताना 'मानसिक आरोग्य' हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत काढू नका. त्यांना डाउनटाइम, रिजेक्शन आणि ऑडिट कळतं, त्यात कमीपणा काही नाही, त्यांचा पगार त्यावर आहे. नऊ वर्षांचा ऑपरेटर गेला, त्याच्या जागी आलेल्याचं रिजेक्शन पहिल्या दोन महिन्यांत किती होतं, तो आकडा न्या. रिसेप्शनमध्ये कामगार सुरक्षेच्या आयएसओ ४५००१ या मानकाचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असेल, तर त्याचाच धाकटा भाऊ २०२१ मध्ये आला आहे, आयएसओ ४५००३. कामाच्या ठिकाणचे मनावर येणारे धोके कसे शोधायचे आणि कसे आवरायचे याचंच ते मार्गदर्शन आहे: कामाचं ओझं, भूमिकेतला गोंधळ, साहेबाची वागणूक, पाळ्या, नोकरीची अनिश्चितता, सगळं त्यात येतं. एक सावधगिरी. ४५००३ ही मार्गदर्शिका आहे, तिचं सर्टिफिकेट मिळत नाही. 'आम्ही मिळवून देतो' म्हणणारा कन्सल्टंट आला तर त्याला गेटवरूनच चहा पाजून परत पाठवा.

एचआरच्या 'घरच्या प्रॉब्लेम'बद्दल. घरचं असतंच. फ्लॅटचा हप्ता असतो, गावाकडे कपाशी गेलेली असते, आई आजारी असते. पण घरचे प्रॉब्लेम सगळ्या लाइनना सारखेच वाटलेले असतात. मग गेल्या वर्षातले राजीनामे, बिनपगारी रजा आणि फर्स्ट एड रजिस्टर लाइनवार मांडा. एका लाइनला दुप्पट भरलं, तर त्या लाइनच्या सगळ्यांच्या बायका एकदम भांडकुदळ निघाल्या असं तर होणार नाही ना? हा कागद एचआरसमोर ठेवा आणि काही बोलू नका.

त्या मुलीशी बोलाल तेव्हा केबिनमध्ये बोलवू नका, सगळ्यांच्या नजरा लागतात. एखादी वयस्क सहकारी तिच्याशी बोलली तर उत्तम. बोलण्यात काही घाणेरडं निघालं, कुणी अंगचटीला येत असेल, अश्लील बोलत असेल, तर तो तणावाचा विषय राहत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार, तीन महिन्यांच्या आत. आणि तिला किंवा कुणालाही 'जगायचंच नाही' असं वाटत असेल, तर हिरा, तक्ता सगळं बाजूला. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवायचं, आणि टेलिमानसला फोन लावायचा: १४४१६. सरकारची फुकट सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. हा नंबर कॅन्टीनमध्ये आणि बाथरूमच्या दाराला आतून लावा. कॅन्टीनमध्ये लोक तो वाचत नाहीत, कोणी बघेल म्हणून.

आता वहिनी.

तुमचे तास मोजा. मी पत्रावरून अंदाज केला: सकाळी साडेसातला आत, सात-साडेसातला बाहेर, आठवड्याचे सहा दिवस, शिवाय रात्रीचा ग्रुप. सत्तरच्या वर जातं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक हिशेब मांडला: आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त. एकट्या २०१६ या वर्षात लांबलेल्या तासांपायी जगभरात ७ लाख ४५ हजार माणसं गेली असा त्यांचा अंदाज आहे. दुसऱ्यांच्या बोटांची काळजी करणाऱ्या माणसाने स्वतःचं ब्लडप्रेशर शेवटचं कधी मोजलं? कंपनीच्या दवाखान्यात उद्या जा, सिस्टर फावल्या वेळात मोजून देईल.

पावणेबाराच्या 'अपडेट?'चं काय करायचं? भांडू नका, त्यात तुम्ही हराल. साहेबांना दिवसा, शांत असताना, दोघंच असताना सांगा: "सर, रात्री अपघात झाला, आग लागली, माणूस पडला, तर मला फोन करा, कितीही वाजता उचलतो. मेसेज मी सकाळी सहाला बघतो आणि साडेसहापर्यंत उत्तर देतो." आणि मग खरंच तसंच वागा. पहिले आठ-दहा दिवस टोमणे येतील. त्यानंतर बहुतेक साहेबांना सवय होते, कारण त्यांनाही रात्री पावणेबाराला अपडेट नकोच असतो, त्यांना त्यांच्या वरच्याने दहा वाजता विचारलेलं असतं. कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८च्या अखेरीस लोकसभेत मांडलं होतं. तसा कायदा होईपर्यंत आपली सोय आपण बघायची.

साहेबांनी सगळंच उडवून लावलं तर? सेफ्टी कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विषय घ्या, कामगार प्रतिनिधीकडून घ्या म्हणजे तुमच्या एकट्यावर येणार नाही, आणि मिनिट्समध्ये लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मिनिट्सची एक प्रत घरी ठेवा. अकराशे माणसांचा प्लांट एका वर्षात सुधारायला निघू नका. एक लाइन घ्या, फायनल इन्स्पेक्शनचीच घ्या, तीन महिने.

आणि गुरुजींना वेळ देताना एवढं बघा. चार मार्चला सकाळी सातला सेशन ठेवायची पद्धत आहे, म्हणजे तिसरी पाळी सुटताना आयतीच सापडते आणि फोटोत गर्दी दिसते. रात्रभर प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला त्याची बस चुकवून तणावमुक्ती शिकवू नका. त्यांना घरी झोपायला सोडा, सेशन फर्स्ट शिफ्टच्या वेळेत, लाइन बंद करून ठेवा. प्लांट हेडना ती एका तासाची लाइन बंद किती महाग पडते तेही त्यानिमित्ताने कळेल, मग पुढच्या वर्षी गुरुजी बोलावतील की मेंटेनन्सला रात्री दुसरा माणूस देतील, बघू.